नानांचा भूगोल आणि मास्तरांची केळी

नाना गेल्याची बातमी मला धुळ्यात कळली, आणि मनात पहिला शब्द आला तो ‘सुटलो’. ते माझे सख्खे मामा. महिनाभर त्यांच्यावरचे लेख वाचतो आहे. ‘खेड्यातल्या मुलांना नानांनी भूगोल दिला,’ असं एकानं लिहिलंय. दिला नाही... विकला. ज्यानं दिला, त्याची नोकरी घालवली. त्यात मीही होतो.

फैजपूरच्या शाळेत मी नवा मास्तर, नानांच्या शब्दावर लागलेला. वरचा वर्ग गोविंद मास्तरांकडे. नानांचं जिल्ह्याच्या भूगोलाचं पुस्तक तेव्हा अभ्यासाला लागलेलं, पण ते होतं दोघातिघांकडेच. मास्तरांनी घरच्या परातीत सरेस आणि ग्लिसरीन शिजवून ओतलं, पुस्तकातला तापीचा नकाशा जांभळ्या शाईनं उतरवून त्या थिजलेल्या थरावर दाबला आणि वर कोरे कागद लावून साऱ्या वर्गासाठी प्रती काढल्या. मुलांची बोटं जांभळी झाली, पण नद्या पाठ झाल्या.

हे कळताच नाना जळगावहून तपासणीच्या साहेबांना घेऊनच आले. ती नदी त्यांनी काठाकाठानं पायी हिंडून रेखाटली होती, हे खरं. त्या श्रमाचा मान मीही ठेवतो. पण त्यांना मान नको होता, बळी द्यायला माणूस हवा होता.

“ही चोरी आहे,” नाना म्हणाले.

“शिकवायलाच वापरला ना, नाना?” मास्तर म्हणाले. “बाजारात विकला असता तर चोर म्हणा.”

साहेबांनाही तेवढंच विचारायचं होतं. नकाशाचा मोबदला घेतला का?

“घेतला की!” नाना म्हणाले. “यांच्या घरात केळीचे घड टांगलेत, बघा.”

घड होतेच. आमच्याकडे बाग कापली की पहिला घड देवाला, दुसरा मास्तरांना. दारात उभा एक बाप ओरडला, “मास्तरले केयं नही देवाचे, त मंग कोनाले देवाचे? तुमाले?” मास्तरांना नाही तर केळी काय नानांना द्यायची, या सवालावर पोरं खिदळली. नाना लाल झाले. साहेब माझ्याकडे वळले. “नकाशाच्या आधीही घड येत होते का?”

येत होते. मी एक रेघही काढली नव्हती, तरी माझ्याही घरी एक टांगलेला होता. नाना नुसते खाकरले.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

मास्तरांना काढलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “तुझ्या घरचा घड पिकला का रे?” पुढे ते यावलला कापूस तोलायच्या काट्यावर बसले आणि तिथेच वारले. मुलांसमोर पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्या वर्गाला मग मी शिकवलं... नकाशाशिवाय.

परवा जळगावात, मेहरूणच्या घरी मामींनी नानांची खोली उघडून दिली. न खपलेल्या भूगोलाचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले. “शाळांना वाटून टाक,” मामी म्हणाल्या. मी वरचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर ‘सर्व हक्क ग्रंथकर्त्याच्या स्वाधीन’ हे शब्द ठळक होते. आत पानं नव्हती, नुसती माती. वाळवीनं नानांची परवानगी घेतली नव्हती.