कल्याणला लागलेली उन्हाळी

जामखेडच्या अंगाला एका वाडीत कडूबाई राहते. नाव कडू, पण जिभेची गोड. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं म्हणून. मरणानं टाकलं खरं. पण सुखानंही कधी चाखून पाहिलं नाही, तेवढा आजीचा अंदाज चुकला.

लग्नाची हळद उतरली नाही तोच तिच्या हाती कोयता आला. दिवाळी सरली की ती आणि नवरा आसाराम संगमनेरकडं ऊसतोडीला जायची. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम दारात उभा करत नाही. मोठी ज्योती आणि धाकटा कल्याण, दोघंही फडातच रांगली. पाचटाच्या अंथरुणावर झोपली, उसाचं कांडं चोखून दात काढले.

त्या फडातला एक नियम कल्याण बोलायच्या आधी शिकला. खाडा करायचा नाही. बोट कापलं, ताप भरला, कंबर धरली, तरी पहाटे उठून उभं राहायचं. घरी बसलं की मुकादम दंड लावतो. कल्याण कुरकुरला की कडूबाई म्हणायची, "दुखतंय म्हंजे जित्ता हायस. मेलेल्याचं काय दुखत न्हाई, बाबा." पोरगं हसायचं आणि उठायचं.

बारावी झाल्यावर कल्याणनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. अर्ज भरून आला त्या दिवशी आईच्या हातातला कोयता त्यानं काढून घेतला आणि आढ्याला खोचला.

"आता ह्यो खाली काडायचा न्हाई. मी वर्दी घातली की तू फकस्त भाकरी करायची आन् माजी वाट बगायची."

"आन् तुजी बायकू काय करंल मग?"

"तीबी वाटच बगंल."

"मग भाकरी कोन खाईल रं, समदी वाटंवर बसल्यावर?" कडूबाई हसली, पण रोज झोपताना त्या कोयत्याकडं बघायची. वर होता तोवर तिला वाटायचं, आपली नोकरी लागलीच आहे, निव्वळ हुकूम यायचा राहिलाय.

धावण्यात कल्याणला जोड नव्हती. उसाच्या ट्रॅक्टरमागं धावत मोठा झालेला पोरगा तो. पण भरतीत छाती मोजतात, नुसती आणि फुगवून. फुगवली तेव्हा छाती फितीवर दोन बोटं कमी भरली. तेवढ्यावर घरी पाठवला. कडूबाईनं विचारलं, "माज्याच दुधात कमी पडलं का रं?" तो म्हणाला, "न्हाई गं. छातीला व्यायाम पायजे. जिम लावतो."

जिम जामखेडला, टायरच्या दुकानाच्या माडीवर. चारी भिंतींना आरसे, म्हणजे एक माणूस घाम गाळायला लागला की दहा जण गाळताना दिसायचे. तिथं शिकवायला ओम सर. सर म्हणजे कल्याणहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. आदल्या साली तो बसस्टँडपाशी मोबाईलची कव्हरं विकायचा. वरून बैल आणि खालून करडू, अशी त्याची अंगकाठी. दंड कोहळ्याएवढे, पाय तूरकाठ्या. आरशाच्या वर चौकटीत त्याचा ट्रेनरचा दाखला होता, तोही मोबाईलवरनंच मिळालेला.

बाजाराच्या दिवशी कडूबाई लेकाचा डबा घेऊन माडी चढली, तेव्हा ओम सर म्हणाला, "काकू, ह्याची भाकरी बंद करा."

"आँ? भाकरीवर तर उभा ऱ्हायलाय त्यो."

"भाकरीनं पोट सुटतं."

"आमच्या वाडीत कुनाचं सुटलंय ते दाखव, म्या त्याला साडी-चोळी करते."

आरशातली दहाच्या दहा पोरं हसली. ओम सरही हसला. तसा वाईट नव्हता तो पोरगा. हसताना त्याच्या गालाला खळी पडायची. पण भाकरी बंद झालीच. डब्यात अंडी गेली, पेल्यात पावडर आली, आणि कडूबाई मनात म्हणाली, सरकारी नोकरीची रीत असेल ही, आपल्याला काय कळतं.

उन्हाळ्यात ज्योतीचं लग्न निघालं. तिला नगरला सावेडीत दिली, जावई रिक्षा चालवतो, माणूस गरीब स्वभावाचा. मांडव, पाणी, पाहुणे, सगळं कल्याणनं ओढलं, त्यात महिनाभर जिम सुटली. लग्न उरकून परत गेला तर माडीवर नवीनच धांदल. जिमचा वाढदिवस आला होता आणि चौकात लावायला फ्लेक्स करायचा होता. ओम सरला वाटलं, कल्याणचाच फोटो टाकावा. वर मोठ्या अक्षरात 'भावी पोलीस', खाली जिमचं नाव.

"पण शिरा दिसल्या पाहिजेत," तो म्हणाला. "पाणी बंद कर. ओठ ओले करायचे, बास. अंग कोरडं पडलं की शिरा दोरखंडासारख्या वर येतात. आणि महिन्याचा खाडा भरून काढायचा. आज जोर-बैठका थांबायचं नाही."

खाडा म्हटल्यावर कल्याण थांबतो कशाला. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, घशात पाण्याचा थेंब नाही, आणि ओम सर मोबाईलवर गाणं लावून ओरडतोय, "अजून! अजून!" कल्याण पडला, उठला, परत पडला. दुसऱ्या दिवशी तेच. मांड्या फुगून विजार चढेना. केस विंचरायला हात वर जाईना, तर कडूबाईनं भांग पाडून दिला, लहानपणी पाडायची तसा.

"सर म्हनत्यात, दुखतंय म्हंजे वाढतंय," तो म्हणाला. "तुजंच की गं हे. तू न्हाई का म्हनायची, दुखतंय म्हंजे जित्ता हायस."

कडूबाईला तेव्हा बरंच वाटलं. शिकलेल्या माणसाच्या तोंडी आपलं बोलणं आलं म्हणून.

फोटो निघाला. अंगाला तेल चोपडून काढला. त्याच संध्याकाळी कल्याण मोरीतून आला तो चाचरत. आईला सांगायची लाज, आणि दुसरं सांगायचं कुणाला. "आई, लघवी कोऱ्या च्यावानी हुतीया."

कडूबाईनं सुस्कारा सोडला. तिला काय काय वाटलं होतं. "एवडंच व्हय? उन्हाळी लागली तुला."

आता फडात राहिलेल्या बाईला उन्हाळी काय नवी? उन्हात दिवसभर वाकायचं, पाणी लांब, मग लघवी लाल-पिवळी व्हायची, जळजळायची. सगळ्या कोप्यांतून, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून, व्हायची. आणि त्याचा उपाय सगळ्या कोप्यांत एकच. तिनं डबीतला चुना काढला आणि लेकाच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना लावला. धने-जिरे भिजत घातले. बेंबीवर ओलं फडकं ठेवलं. एवढा बाप्या झालेला पोरगा गुमान पडून राहिला. फडात ह्याच उपायानं तो उठून खेळायला पळाला होता, मग आता का नाही पळणार?

ओम सरला फोन केला तर तो म्हणाला, "अरे, पावडरीचा रंग आहे तो. अंगातली घाण निघतेय. दुखत असेल तर गोळी घे, आणि उद्या ये. सुट्टी मारू नको."

कल्याणनं दुखण्याच्या गोळ्या घेतल्या आणि गेला. भिंतीला धरून जिना चढला म्हणे. त्यानंतर चहासारखी लघवी दिसेना, कारण लघवीच होईना. कडूबाईला वाटलं, उतार पडला. पण पोराचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले, पाणी पोटात ठरेना. तेव्हा आसारामनं वाडीतली जीप बोलावली.

जामखेडच्या डॉक्टरनं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, नगर गाठा. जीप चौकातून वळली, तर समोर फ्लेक्स. नुकताच बांधलेला, दोऱ्या अजून नव्या. वर कल्याण, तेलानं चमकणारा, छाती फुगवून, दंडावर शिरा. खाली जीपमध्ये कल्याण, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओकत होता. आसारामनं मान फिरवली. कडूबाईनं मात्र वळून वळून बघितला, चौक दिसेनासा होईपर्यंत.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "रंग कधीपासून बदलला होता?"

"झालं की चार-पाच दिस. उन्हाळी लागली हुती, बाई. म्या चुना लावला."

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याकडं बघितलं. चुना अजून पांढरा होता. त्या रागावल्या नाहीत, तेच कडूबाईला जास्त लागलं. "मावशी, ही उन्हाळी नव्हती. झेपेल त्याच्या पलीकडं व्यायाम केला की मांस आतून फुटतं. त्याचा तो रंग. तो मूत्रपिंडात जाऊन बसला. त्यात पाणी नाही, वर त्या गोळ्या. लगेच आणलं असतं तर सलाइननं धुऊन निघालं असतं."

कडूबाई घरी रोज चहा गाळते. गाळणीत चोथा बसला की काय होतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग मशीनवर रक्त धुणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी मूत्रपिंड आपोआप जागं होतं, वाट बघू. वाट बघायचीच तर नोकरी कल्याणनं कडूबाईला देऊ केली होती. मिळाली.

ओम सर एक दिवस दवाखान्यात आला. गालाची खळी कुठं गेली होती कोण जाणे. हातात दोन शहाळी. नर्स त्याच्यावर धावून गेली, "अहो, किडनी बंद पडलेल्या पेशंटला शहाळं म्हणजे विष! कुणी सांगितलं तुम्हाला?" तो तिथंच उभा राहिला, शहाळी पोटाशी धरून.

कडूबाईनं त्याच्यासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या, चांगल्या फडातल्या. पण जवळून बघितलं तर पोरगंच निघालं.

"तुला कुनी शिकवलं रं हे समदं?"

"कुणी नाही, काकू. मोबाईलवर बघून... मी स्वतः केलं होतं. मला काय झालं नव्हतं."

"मलाबी कुनी न्हाई शिकवलं. फडात बगून बगूनच," कडूबाई म्हणाली. "ठेव ती शहाळी. भाईरच्या बाकावर कुनाला चालत आसंल तर दे. इचारून दे पर."

पावसाळा गेला. मूत्रपिंड काही जागं झालं नाही. कल्याण आता ज्योतीकडं सावेडीत राहतो. आठवड्यातून दोनदा जावई रिक्षातून मशीनवर नेतो. दिवसाला मोजून दोन-तीन पेले पाणी, त्यात चहा-आमटीही धरायची. तेव्हा ओम सर म्हणाला पाणी पिऊ नको, आता डॉक्टरीणबाई म्हणतात पिऊ नको. पाण्याशी त्याचं जमलंच नाही बघा.

दसऱ्याला मुकादम छगन दारात आला. "आसारामभाऊ, ह्या साली येताय का? पर पुरा कोयता पायजे. अर्धा मला चालत न्हाई, माहिताय तुमाला." आसारामनं त्याला बसायला घोंगडं टाकलं. बायको लेकाजवळ, मग जोडीला कोण?

कल्याण तेव्हा आईबरोबर दोन दिवसांसाठी घरी आला होता. तो उठला, स्टूल ओढलं, दम लागला म्हणून मध्ये थांबला. मग वर चढून आढ्यातला कोयता काढला आणि आईच्या पुढं धरला. पात्याला गंज चढला होता.

"आरं, वर्दी..." कडूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"जा, आई. ताई हाय माज्याजवळ." मग पात्यावर बोट फिरवून म्हणाला, "धार लावून घे. बोट कापशील."

संगमनेरकडच्या फडात आता त्यांची कोपी आहे. वर घालायला ताडपत्री कमी पडली, म्हणून आसारामनं गाठोड्यातून जाड प्लास्टिक काढलं. चौकातला फ्लेक्स. जिमचा नवा सर आला, त्यानं जुना उतरवून जिन्यात टाकला होता, तो आसारामनं मागून आणलेला. "पानी थांबवतंय," एवढंच तो म्हणाला. छापील बाजू आत घेतली. बाहेर राहिली असती तर उन्हानं रंग उडाला असता.

म्हणून कडूबाई सकाळी चूल पेटवते तेव्हा डोक्यावर कल्याण असतो, छाती फुगवून, आडवा. धुरानं त्याचा एक दंड काळा पडत चाललाय. शेजारच्या कोपीतली तरणी पोरं तिला हसतात, कारण ती कुणालाही अडवून विचारते, "लघवीचा रंग कसा हाय रं?" हसू देत. एकाला तिनं तसंच ढकलून दवाखान्यात धाडलं; नुसती उन्हाळीच निघाली. मग तीही हसली.

दुपारी फडातून आली की घसा कोरडा पडलेला असतो. ती कळशीतून तांब्या भरून घेते. मग वर बघते, आणि कोपीच्या दाराशी जाऊन, त्याच्याकडं पाठ करून, हळूच पिते.