रविवारच्या बाजारात ठरलेली खोली

बुलढाण्याला कोणी नावं ठेवली तर मी भांडते. पण मीच या शहराला छापील शिव्या दिल्यात, गुलाबी कागदावर, दोन्ही बाजूंनी. ते आधी सांगून टाकते.

मुद्दा साधा होता. आमच्या भागातल्या दहावी-बारावीच्या पोरींना संध्याकाळी अभ्यासाला जागा नव्हती. घरात टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडं. पोरं मित्राच्या खोलीवर जातात, त्यांना कोणी विचारत नाही. पोरींनी कुठं जायचं? माझी पत्रकं छापणाऱ्या चाचांच्या प्रेसवर माडीची खोली रिकामी होती. मी ती मागितली. चाचा म्हणाले, देतो, पण पोरींच्या घरच्यांनी मागितली पाहिजे. उद्या गल्लीची बोलणी मी ऐकणार नाही.

मग मी पत्रक लिहिलं. सुरुवातच ‘झोपलेल्या शहरा, जागं हो’. सभा रविवारी सकाळी अकराला, माडीवर. चाचांनी छापून दिलं.

आठवडाभर घरोघर फिरले. पत्रक दारात उभ्या उभ्या कोणीच घेतलं नाही. आत बोलावलं, चहा पाजला, एका घरी तर ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. आणि सगळे एकच म्हणाले, हाव, येतो न.

रविवारी अकराला सतरंजीवर मी एकटी. साडेअकराला मी सगळ्या शहराचा उद्धार सुरू केला. चाचांनी तो पुरा होऊ दिला आणि म्हणाले,

“बेटा, आज बाजार हाये. गाव तिकडं बसलं हाये.”

रविवार म्हणजे सुटी, हे मी पुण्यात शिकून आले होते. जन्म इथला, आणि बाजाराचा वार विसरले. लाज वाटली, पण हट्ट सुटेना. म्हटलं, सगळे हो म्हणाले होते.

“बाजारात पाह्य, घेनारा मानूस हाव म्हनते काय? तो भाव करते.”

त्यांनी शटर ओढलं आणि उरलेली पत्रकं काखेत मारून मला बाजारात नेलं. धाड गावाकडून जीपनं आलेली वांगी, मेथीचे ढीग, सांबाराचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचा, वास, वरून आमची ती गार हवा. आमच्या भागातल्या निम्म्या आया तराजूच्या मागं होत्या, निम्म्या पुढं. चाचांनी खोलीचा विषय काढला आणि एका भाजीवालीनं, जिची पोरगी दहावीत आहे, पहिला वार केला.

“झोपलेलं शहर म्हनते हे. चार वाजता उठून मेथीच्या जुड्या बांधतो मी. तवा तू कुठी होती वं?”

झोपले होते, मी खरं सांगितलं. सगळा बाजार हसला.

त्यानंतर सरळ भांडण. जिन्यात अंधार आहे, पोरगी पडली तर? दाराला आतून कडी आहे का? आठ वाजता घरी कोण आणून सोडणार? एका बापानं विचारलं, पोरांनी काय पाप केलं? त्याला तिथल्या बायांनीच गप्प केलं. मी उत्तरं देत होते आणि माझा पारा चढत होता. वाटलं, खोली गेली. चाचा मात्र गाजर खात मजेत उभे होते. जिन्यात दिवा लावून देतो, कडीही बसवतो, एवढंच बोलले. बायांनी पोरींना घरी सोडायच्या पाळ्या तिथंच लावल्या. कुणी खोली मागितली असं नाही. ती त्यांचीच असल्यासारखं चाललं होतं.

शेवटी भाजीवालीनं चाचांपुढं हात केला.

“चाबी माह्याजवळ राहीन. हिच्याजवळ नोका देऊ, हे झोपते.”

चाचांनी चावी तिच्या हातावर ठेवली.

सोमवारी संध्याकाळी जिन्यात दिवा होता आणि माडीवर पोरींची दाटी. भाजीवालीची पोरगी दप्तर टेकवायच्या आधीच मला म्हणाली, “ताई, इथं पंखा काऊन नाही?”