द्राक्षांच्या वाटेचा दावा

द्राक्षं काढणीला आली आणि शेजारच्या तात्यांच्या मुलाने बांधालगतच्या वाटेवर दगड रचले. आमच्या बागेत ट्रॅक्टर न्यायला दुसरी वाट नव्हती. सरकारी मोजणीत ती वाट त्यांच्या जमिनीच्या गटात निघाली होती, तेवढं त्याला पुरलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकहून बी.ए. होऊन दिंडोरीजवळच्या आमच्या गावी परतले होते. घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

धाकटा काका पहार घेऊनच निघाला होता. आमच्या वकिलांनी त्याला खाली बसवलं.

"हाणामारी झाली की फौजदारी होईल. जमीन कुणाची हे दिवाणी कोर्ट ठरवेल, तोवर तुमच्या द्राक्षांचे बेदाणे होतील. वाट अडवली, एवढंच घेऊन तहसीलदारांकडे चला."

त्यात आभाळ भरून यायला लागलं. पिकल्या मण्यांवर पाऊस पडला की तडे जातात, मग तो माल कोण घेणार?

"विचारतील तेवढंच सांगा," मी वडिलांना रस्ताभर बजावलं.

"मला शिकवू नको. खोटं बोलायचंय का मला?"

सुनावणीत समोरचे वकील अगदी गोड बोलले. "दरवर्षी ट्रॅक्टर न्यायच्या आधी तात्यांना विचारायचात?"

"इचारायचो की. पहिला क्रेट त्यांच्या घरी, मग ट्रॅक्टर."

"म्हणजे परवानगी घ्यायचात."

"मग? न इचारता लोकांच्या रानात घुसू काय?"

हक्काने वापरलेली वाट वेगळी आणि मेहेरबानीने मिळालेली वेगळी. दिलेली परवानगी देणारा काढूनही घेतो, हे आमच्या वकिलांनी मला आदल्याच दिवशी समजावलं होतं. आता त्यांची मान खाली गेली होती. वडील मात्र लाखमोलाचं बोलल्यासारखे ताठ उभे.

तहसीलदार तात्यांकडे वळले. "हे न विचारता गेले असते तर अडवलं असतंत?"

मुलगा पुढे वाकला. "बाबा, हो म्हणा."

"तू गप ऱ्हाय." तात्यांनी टोपी सारखी केली. "रावसाहेब, कशाला अडवीन? माझ्या बापाच्या वेळेपासून त्यांची बैलगाडी तिथूनच जाती. इचारणं ही रीत हाय. पोरीच्या लग्नाचा मांडव मी माझ्याच अंगणात घातला, तरी यांना इचारून घातला. मग तो मांडव काय यांचा झाला?"

कचेरी हसली. मला हसू येईना. निकाल राखून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार स्वतः बांधावर आले, जुन्या चाकोऱ्या पाहिल्या आणि आदेश सांगितला: मालकीचं भांडण दिवाणी कोर्टात न्या, वापरातली वाट अडवता येणार नाही, दगड आजच काढा.

"मंजी जिंकलो का आपण?" वडिलांनी वकिलांना विचारलं.

"वाट जिंकलात. जमीन नाही."

"जमीन मागितली कुणी होती?"

तात्यांचा मुलगा दगड उचलू लागला. शेवटचा दगड हलला तेव्हा पावसाचे थेंब टपकायला लागले होते. काकाने ट्रॅक्टर तसाच आत घातला आणि आम्ही बायका कात्र्या घेऊन त्याच्यामागे पळालो.