मेथीचा केक

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीआधी मी घरून पीठ मळून उल्हासनगरच्या एका बेकरीत नानकटाई भाजून घ्यायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्याचा खाकी गणवेश घातलेला माणूस होता. ॲल्युमिनियमचा डबा त्याने छातीशी धरला होता आणि सारखं झाकण उचलून तो आत बघत होता.

सिंधी बेकरीवाल्याने डब्याचा वास घेतला. "ये क्या है, भजी?"

"केकच आहे, शेठ. साखरेऐवजी मेथी, मिरी न् मीठ घातलंय."

"मेरी भट्टी में नहीं. सबकी नानकटाई बास मारेगी."

"मग सगळ्यांची झाल्यावर घाला. मी थांबतो."

तो खरंच कोपऱ्यात उभा राहिला. न राहवून मी विचारलं, "मेथीचा केक कशाला हो?"

"मुलीचा वाढदिवस आहे, ताई. तिला डायबेटिस आहे. दुसऱ्यांकडे ती केक न खाताच परत येते. आज सगळी पोरं ती खाईल तेच खातील."

बेकरीवाल्याने ते ऐकलं आणि डबा मागून घेऊन भट्टीशेजारी ठेवला.

माझी नानकटाई झाली तरी मी थांबले. शेवटी केक छान फुगून बाहेर आला. माणूस घाईने डबा उचलायला लागला.

"रुको, ठंडा होने दो," बेकरीवाला म्हणाला. सवयीने त्याने क्रीमची पिशवी उचलली, थबकला आणि ती बाजूला ठेवली. मग कागदाचा नवा कोन करून त्याने त्यात खारं लोणी भरलं.

"नाम क्या है बच्ची का?" त्याने विचारलं.