काशिनाथचा देव कुलपात आहे

काशिनाथ गेला, आणि त्या म्युझियमला अजून कुलूपच आहे.

आज त्याचा तेरावा. बीपीची गोळी घेऊनही सकाळपासून डोकं तापलंय.

बाळकुमला त्याच्या शेताच्या बांधावर वीरगळ होता. लढून मेलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. घरात लग्न निघालं की पहिल्या अक्षता त्याला. त्याशिवाय पत्रिका वाटायच्या नाहीत.

मग तिथे टॉवर आला. बिल्डरची माणसं दगड डंपरमध्ये टाकत होती. काशिनाथ आडवा पडला. स्वतः टेम्पो करून तो दगड कल्याणच्या बाजारपेठेतल्या म्युझियमला नेऊन दिला.

तिथे तरी सांभाळतील, म्हणाला.

मी त्याचा मित्र, पण भित्रा. म्हटलं, अरे, मोठ्यांच्या ताब्यात गेलेली वस्तू आपली राहत नाही. ऐकतो कसला!

तेव्हापासून लग्न ठरलं की आम्ही दोघे खोपटहून एसटीने कल्याणला. तिकीट काढून देवाला आमंत्रण!

तिथल्या मॅडमनी हळदकुंकू नको सांगितलेलं, डाग पडतात. मान्य. मग हा कोरे तांदूळ वाहायचा आणि गुडघे धरून दाणा दाणा परत उचलायचा. त्या म्हणायच्या, काका, राहू द्या, झाडू मारतील.

"झाडूखाली नको, बाय. देव हाय आमचा."

यंदा त्याच्या नातीचं लग्न ठरलं, आणि म्युझियम दुरुस्तीला बंद. किती खेपा घातल्या! वॉचमन म्हणे साहेबांना विचारा. साहेब फोन उचलत नाहीत. अर्ज करू म्हटलं, पण आम्हा सहावी शिकलेल्यांचा अर्ज वाचतो कोण?

पत्रिका कपाटात पडून. घरचे याच्यावर चिडलेले. हा हटेना.

शेवटच्या खेपेला वॉचमन हसला. "दगडच आहे ना काका, कुठे पळतोय?"

"तो नाय पलनार. माजाच भरवसा नाय."

त्याच आठवड्यात गेला.

काल मी एकटा गेलो. पोलीस बोलावतील ही भीती होतीच. तरी शटरच्या फटीतून मूठभर तांदूळ आत ढकलले.

वॉचमन धावत आला. ओ काका, कचरा काय करताय?

मी जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. काल चढवला.

"उचलणारा मेला. आता तुम्ही उचला, दाणा दाणा."

काशिनाथ, आमंत्रण पोचलं रे. पत्रिका उद्यापासून वाटायला सांगितल्यात.

आता निवांत जा.