पत्र्याखालचा स्टुडिओ

“हलू नका ताई. पाणी थिर होऊ द्या.” फोटो काढण्याआधी आमचे फोटोवाले भाऊ हे म्हणायचेच. टेबलाच्या कडेला, फोटोत येणार नाही असा, पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास असायचा. त्यातलं पाणी थरथरायचं थांबलं की मगच बटण दाबायचे.

नांदेडला माझा चटण्यांचा छोटासा धंदा आहे. पाकिटांवर फोटो हवे होते म्हणून त्यांच्या पत्र्याच्या स्टुडिओत गेले आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं तापलं. वाटीभर कारळाच्या चटणीला अख्खी सकाळ! खिडकीचा उजेड डावीकडून, उजवीकडे पांढरा थर्माकोल, म्हणजे सावली मऊ पडते. पितळी वाटीत माझी लाल साडी दिसते म्हणून मला दाराबाहेर उभं केलं. चटणी कोरडी दिसू नये म्हणून काडीने तेलाचा थेंब सोडला. दिवे लावायचे नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागायचा. तेवढ्यात टेबल हललं की सगळं पुसट. पण फोटो असा आला, की मलाच माझी चटणी खावीशी वाटली.

आता तुम्ही म्हणाल, चांगला फोटोवाला एवढं करणारच. पण स्लॅबच्या घरात पाऊल न टाकणारा फोटोवाला पाहिलाय का कधी? मी घरी बोलावलं, तर अंगणातच चहा पिऊन परत गेले. स्लॅब काय चावतो का, असं मी चिडवलं. मग त्यांनी सांगितलं. लातूरकडच्या भूकंपात त्यांचं दगडी घर बसलं, तेव्हा ते लहान होते. उकडतंय म्हणून अंगणात बाजेवर झोपले होते. धाकटा भाऊ आत होता. तो गेला. तेव्हापासून डोक्यावर जड छत त्यांना नकोच. पाण्याच्या ग्लासाचं खरं कारण मला तेव्हा कळलं.

अशा माणसाची एकुलती पोरगी लातूरला, डॉक्टरकीच्या क्लाससाठी, होस्टेलच्या चौथ्या मजल्यावर. तिच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. माझ्यासमोरच तिला तीन-चारदा फोन व्हायचे.

एका दुपारी लोणच्याची बरणी मांडून आम्ही थांबलो होतो. पाणी थिर होईना. बाहेरून ट्रक जात असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात वरचा पत्रा खडखडला. त्यांनी दंडाला धरून मला बाहेर ओढलं. क्षणात सगळं शांत झालं, पण अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. ते पोरीला फोन लावत राहिले. ती उचलेना. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “उचल गं माय,” एवढंच पुटपुटत होते.

शेवटी तिचाच फोन आला. वर्गात होती, फोन बंद होता. तिकडे कुणाला काही जाणवलंही नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले.

आता पोरीला घेऊन येणार आणि तिचं शिक्षण बुडणार, असं मी धरूनच चालले होते. पण महिन्याभरात स्टुडिओलाच कुलूप लागलं. तेच लातूरला गेले. बापलेकीसाठी क्लासजवळ खोली मिळाली, ती नेमकी पाचव्या मजल्यावर, स्लॅबखाली.

मला राहवेना. फोन करून विचारलं, भीती गेली का.

“न्हाई ताई, लई वाटते. छताकडं बघूनच दिवस काढून राहिलो. पण आता काय झालंच, तर तिला फोन लावत बाहेर उभं ऱ्हावं लागणार न्हाई.”

मागून पोरीने जेवायला हाक मारली, म्हणून त्यांनी फोन ठेवला.