आई गुहागरला आली होती

भूत, अंगात येणं, नवस – असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हे शब्द काढायचीही सोय नव्हती! त्यामुळे ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा... मीही हसलोच असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामती एमआयडीसीत कामाला, घर निमगाव केतकीला. आईला एकच हौस – मरायच्या आत समुद्र बघायचा. पण खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. थंडीत कंपनीतल्या मंडळींची गुहागरची सहल निघाली. मी नको म्हणालो, तर आईच भडकली, "मुडद्या, माझ्यापायी घरात बसू नगं. जा, अन् मला येऊन सांग कसा असतुया." बहिणीला तिच्यापाशी ठेवून मी आणि बायको सुषमा निघालो. वाटेत एक घास गोड लागला नाही.

गुहागर म्हणजे... काय सांगू! कोमट वाळू, सुरूची झाडं, आणि नजर जाईल तिथवर पाणी. संध्याकाळी ते पाणी मागं सरकायला लागलं. आम्ही कालव्याच्या पाळीपाळीच्या पाण्यावर वाढलेली माणसं. कंपनीतला जाधव ओरडला, "पाटाचं पाणी बंद केलं का काय रं!" आणि खरं सांगतो, आम्ही चार-पाच गडी गाडीतले पाण्याचे कॅन घेऊन धावलो. खारं पाणी भरायला!

मी वाकून कॅन भरत होतो. पलीकडं आई उभी. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तोंडावर पिवळं ऊन. भीती अजिबात वाटली नाही... उलट जिवाला गार वाटलं.

"आये, पाय दुखत न्हाय?"

"न्हाय रं. कॅन वतून टाक की येड्या. हितलं पाणी कुणी बंद करत न्हाय."

मी कॅन ओतला. वर बघतो तर नुसती ओली वाळू.

सुषमा म्हणाली, "तुमाला ऊन लागलंय, लिंबू-पाणी घ्या."

घरी आलो तर बहीण दारातच म्हणाली, "दादा, आई काल दिवसभर पडूनच हुती. पण सांजच्याला पायाच्या तळव्यांना सुरकुत्या पडल्या बघ, लई येळ भांडी घासल्यावर बोटांना पडत्यात तशा."

मी आईजवळ बसलो, समुद्राचं सांगायला तोंड उघडलं. तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लई दिसांनी चालले रं मी..."

मी तिच्या उशाशी ढसाढसा रडलो. ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.